वाचकांचे प्रश्न : कॅल्क्युलेटरच्या केबलसोबत आलेले सॉफ्टवेअर विकता येते का?

प्रश्न : पेडणे तालुक्यातील एका पालकांच्या मुलीला विदेशातील नातेवाइकांनी ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे समीकरणांचे आलेख पडद्यावर काढणारा कॅल्क्युलेटर, पाठवला आहे. तो संगणकाला जोडण्याची केबल वेगळ्या खोक्यात आली असून त्यात सॉफ्टवेअरची सीलबंद सीडी आणि परवाना-क्रमांकाचे कार्डही आहे. मुलीला केबल हवी आहे, सॉफ्टवेअर नको आहे. ते दुसऱ्या विद्यार्थ्याला विकणे कायद्याला धरून होईल काय, आणि आलेल्या पैशांवर कर द्यावा लागेल काय?

उत्तर : या व्यवहारात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत : हातात धरता येणारी सीडी, तिच्यावरील प्रोग्रॅमचा कॉपीराइट आणि तो वापरण्याचा परवाना. सीडीवर तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या विक्रीकराच्या खटल्यात 2004 साली ठरवले, आणि माल म्हटला की तो पुढे विकण्याचा अधिकार सामान्यतः मालकाकडे असतो. कॉपीराइट मात्र खरेदीदाराकडे कधीच आलेला नसतो.

अडचण निर्माण होते ती कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 14 मुळे. जुने पाठ्यपुस्तक विकणाऱ्याला प्रकाशकाची परवानगी लागत नाही, कारण साहित्यकृतीच्या बाबतीत आधीच बाजारात आलेल्या प्रतींवर कॉपीराइटच्या मालकाचा वितरणाचा हक्क उरत नाही, आणि या तत्त्वाला ‘प्रथम विक्रीचे तत्त्व’ म्हणतात. संगणक प्रोग्रॅम कायद्यातील व्याख्येनुसार साहित्यकृतीत मोडत असला, तरी त्याच्यासाठी वेगळे पोटकलम आहे, आणि 1994 च्या दुरुस्तीने त्यात प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो, ती विकण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाचाच, अशी शब्दरचना आली होती. 1999 च्या दुरुस्तीने ‘पूर्वी विकली गेलेली असो वा नसो’ या अर्थाचे शब्द काढून टाकले, परंतु प्रत विकण्याचा हक्क मालकाचा हे वाक्य तसेच राहिले, त्यामुळे पुनर्विक्री खुली झाली की नाही याविषयी दोन मते पडली. दुरुस्ती करायचीच होती तर एक स्पष्ट वाक्य घालता आले असते, एवढे म्हणणे भाग आहे.

या संदिग्धतेवर सर्वात उपयुक्त प्रकाश पडला तो प्राप्तिकराच्या एका वादातून. इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या खटल्याच्या 2 मार्च 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, या पोटकलमाचा रोख प्रोग्रॅमच्या नव्या प्रती काढून त्या विकण्यावर आहे, आणि विकत घेतलेली प्रत जशीच्या तशी पुढे विकणारा वितरक त्याच्या कक्षेत येत नाही. निकालातील हे विवेचन वितरकांविषयीचे आहे, घरगुती वापरकर्त्याविषयीचे नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. तरीही त्यातील तर्क सीलबंद सीडी विकणाऱ्या पालकांना लागू पडावा, असे दिसते. परदेशांत एकमत नाही : युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2012 साली वापरलेल्या परवान्यांची पुनर्विक्री वैध ठरवली, तर अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने 2010 साली ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात ग्राहक हा प्रतीचा मालक नसून केवळ परवानाधारक आहे, असे म्हटले.

परवान्याचा करार हा वेगळा भाग आहे. ‘मान्य आहे’ या बटणावर टिचकी मारून झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचा आहे म्हणून अवैध ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 10-अ सांगते. त्या करारात हस्तांतरणाला मनाई असेल आणि क्रमांक मुलीच्या नावे नोंदवला गेला असेल, तर विक्री हा करारभंग ठरू शकतो आणि घेणाऱ्याच्या संगणकावर तो क्रमांक चालेलच याची हमी देता येत नाही. सील न फोडलेल्या, क्रमांक न वापरलेल्या संचाची बाजू म्हणूनच बळकट असते. राखीव प्रत काढण्याची मुभा कॉपीराइट कायद्याचे कलम 52 देते, पण ती मूळ प्रतीचा कायदेशीर ताबा असणाऱ्यालाच. सीडी विकून संगणकावर प्रत ठेवली, तर त्या प्रतीचा आधार संपतो. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास त्याच कायद्याच्या कलम 63-ब नुसार किमान 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. वापर व्यापारासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता 50 हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकते.

किंमत ठरवण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या कंपन्यांची कॅल्क्युलेटर संगणकाला जोडणारी साधी सॉफ्टवेअरे आज त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात, तेव्हा तशा सीडीला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही गिऱ्हाईक भेटणे कठीण. पैसे मिळतात ते न वापरलेल्या परवाना-क्रमांकाचे. कराची चिंता नको : दागिने, चित्रे अशा काही वस्तू वगळता वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू प्राप्तिकरासाठी भांडवली मालमत्ता नाहीत, आणि धंदा म्हणून न केलेल्या अशा विक्रीवर जीएसटी बसत नाही.

प्रश्न : डिचोली येथील एका दुकानदारांना अशाच संचांतून सीडी काढून त्या वेगळ्या विकाव्यात काय, हे जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : असे करू नये. खोक्यावरील कमाल किरकोळ किंमत पूर्ण संचाची असते, आणि सीडी काढून उरलेली केबल पूर्ण संच म्हणून विकणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरेल. गिऱ्हाइकाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगापुढे विनाशुल्क, दोन वर्षांच्या आत करता येते. उलट केबल मागणाऱ्यावर सॉफ्टवेअर लादणे ही त्याच कायद्यातील प्रतिबंधक व्यापारी प्रथा आहे, परंतु घाऊक विक्रेत्याने दुकानदारावर संच लादला, तर त्या आयोगाकडे दुकानदाराला जाता येत नाही, कारण पुनर्विक्रीसाठी माल घेणारा त्या कायद्यानुसार ‘ग्राहक’ नसतो. वितरकाकडून केवळ केबलचा वेगळा माल लेखी मागवणे, हाच त्यांच्यासाठी सुरक्षित मार्ग आहे.