घोड्याच्या संगतीत वाढणारी मुले

बहुतेक खेळांत खेळाडूचे साधन निर्जीव असते. बॅट मोडली तर दुसरी घेता येते, चेंडू हरवला तर नवा आणता येतो. घोडेस्वारी हा मात्र असा खेळ आहे की, ज्यात खेळाडूचा अर्धा भाग दुसऱ्या जिवाच्या स्वाधीन असतो. त्या जिवाला भूक लागते, भीती वाटते, दुखापत होते आणि वार्धक्यही येते. म्हणून जो मुलगा वा जी मुलगी लहान वयात या खेळात उतरते, तिचे वाढणे इतर खेळाडूंच्या वाढण्याहून काहीसे निराळे असते. बेंगळुरू शहराच्या उदाहरणावरून हे निराळेपण आपल्याला चांगले समजून घेता येईल.

या शहराचे घोड्याशी असलेले नाते जुने आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर येथे होती आणि त्या काळातील सत्ता घोडदळावरच उभी असे. पुढे टिपू सुलतानाच्या काळापासून जवळच्या कुणिगल येथे अश्वपैदास होत आली. इंग्रजी अमदानीत लष्करी छावणी आणि घोड्यांच्या शर्यती आल्या. स्वातंत्र्यानंतर भूदलाच्या पुरवठा शाखेचे, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरचे, प्रशिक्षण केंद्र येथे राहिले. अशा रीतीने घोडे, त्यांचे वैद्य, नालबंद आणि मोतद्दार यांची परंपरा शहरात टिकून राहिली. 1996 मध्ये शहराच्या उत्तरेला एम्बसी इंटरनॅशनल रायडिंग स्कूल सुरू झाले आणि लष्कराशी संबंध नसलेल्या घरांतील मुलांनाही पद्धतशीर शिक्षणाची सोय झाली.

पहिले धडे

नवख्या मुलाला प्रथम बसवतात ते बहुधा तट्टावर. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ज्याची खांद्यापर्यंतची उंची नालाशिवाय 148 सेंटिमीटरांपेक्षा अधिक नाही, त्याला तट्टू म्हणतात. शिक्षक हातात लांब दोरी धरून जनावराला गोलाकार फिरवतो आणि मूल लगामाचा आधार न घेता तोल सांभाळण्यास शिकते. मग सावकाश चाल, दुडकी आणि धाव या क्रमाने प्रगती होते. दुडकीच्या ठेक्यावर रिकिबीतून उठणे आणि पुन्हा अलगद बसणे हे पाहणाऱ्याला सोपे वाटते. पण तो ठेका अंगवळणी पडेपर्यंत मांड्या आणि कंबर भरून येतात.

तथापि स्वारी हा शिक्षणाचा अर्धाच भाग आहे. खरारा करणे, खुरांतील माती व खडे काढणे, खोगीर नीट बसले आहे की नाही हे पाहणे, श्रमानंतर घोड्याला हळूहळू चालवून थंड करणे, हा उरलेला अर्धा भाग होय. पाठीवरील लहानशी जखम किंवा पायातील किंचित ऊब वेळीच लक्षात आली नाही, तर पुढचे कित्येक आठवडे वाया जाऊ शकतात. घोड्याला दुखते ते तो बोलून सांगत नाही. कानांची ठेवण, शेपटीची हालचाल, पाऊल टाकताना झालेली किंचित कुचराई यांवरून ते ओळखावे लागते.

पाचशे किलोंच्या आसपास वजन असलेल्या प्राण्यापुढे दहा वर्षांच्या मुलाचे बळ ते किती? त्यामुळे बळाने काही साधत नाही, हा धडा मूल लवकरच शिकते. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. परंतु अगदी पाठीमागचे दिसत नाही. म्हणूनच मागून अचानक जाणे धोक्याचे असते. स्वार घाबरला की त्याचे अंग ताठ होते आणि ते घोड्याला तत्काळ कळते. आपली भीती आवरणे हा येथे केवळ धैर्याचा प्रश्न नसून सोबत्यावरील जबाबदारीचा प्रश्न होतो.

पडणे तर ठरलेलेच. यासाठी शिरस्त्राण सक्तीचे असते आणि मैदानी अडथळ्यांच्या वेळी छातीला संरक्षण देणारे जाकीटही घालावे लागते.

बारगीर आणि शिलेदार

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. आजच्या स्पर्धकांनाही हा भेद लागू पडतो. आरंभी प्रत्येक मूल बारगीरच असते. शाळेच्या घोड्यावर त्याच्याआधी दुसऱ्याने स्वारी केलेली असते आणि नंतरही कोणी करणार असते. या व्यवस्थेचा लाभ असा की, वेगवेगळ्या स्वभावांच्या जनावरांशी जुळवून घेण्याची सवय लागते. परंतु वरच्या पातळीवरील स्पर्धांत एकाच घोड्याशी वर्षानुवर्षे जमवलेली जोडी लागते. असा घोडा विकत घेणे आणि पोसणे बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे आहे. कित्येक गुणी मुलांची वाटचाल येथेच थांबते.

वियोगही या खेळात लवकर भेटतो. मूल वाढते, पण तट्टू वाढत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी पाय लांब होतात आणि ज्याच्या पाठीवर सारे काही शिकलो, तो सोबती धाकट्या मुलाच्या हाती सोपवावा लागतो. याच सुमारास शालान्त परीक्षेचे वर्ष येते. पहाटे तबेला, मग शाळा, सायंकाळी पुन्हा तबेला ही दिनचर्या चालू ठेवायची की नाही, याचा निर्णय घरातील सर्वांनाच घ्यावा लागतो.

एका स्वाराचे उदाहरण

1992 मध्ये जन्मलेले फवाद मिर्झा हे बेंगळुरूतच वाढले. त्यांचे वडील घोड्यांचे वैद्य. मुलाने अगदी लहानपणी, सुमारे पाचव्या वर्षी, स्वारीस आरंभ केला. त्यांनी निवडलेला प्रकार तीन अंगांचा आहे. पहिल्या अंगात आखलेल्या चौकात शिस्तबद्ध चाली दाखवायच्या, दुसऱ्यात मोकळ्या मैदानातील पक्के अडथळे ठरलेल्या वेळेत पार करायचे आणि तिसऱ्यात दांड्यांचे अडथळे न पाडता उडी मारायची. तिन्ही अंगांत घोडा एकच असतो. चुकांचे दंडगुण मोजले जातात. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी.

2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मिर्झा यांनी सिन्योर मेडिकॉट या घोड्यावर वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. राकेश कुमार, आशिष मलिक आणि जितेंदर सिंग यांच्यासह सांघिक रौप्यपदकही भारताला लाभले. 1982 च्या दिल्ली स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी सुवर्णपदक जिंकल्यानंतर 36 वर्षांनी घोडेस्वारीत असे वैयक्तिक यश आले होते.

2021 मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमधील त्यांचे आकडे अभ्यासण्यासारखे आहेत. पहिल्या अंगात 28 दंडगुण घेऊन ते नवव्या स्थानी होते. मैदानी अडथळ्यांत घोड्याने एकही अडथळा नाकारला नाही. मात्र ठरलेल्या वेळेपेक्षा 28 सेकंद अधिक लागले. दर सेकंदाला 0.4 याप्रमाणे 11.20 दंडगुणांची भर पडली. उड्यांच्या पहिल्या फेरीत दोन दांड्या पडल्या, म्हणजे आठ दंडगुण. तरीही अंतिम फेरीत प्रवेश मिळाला आणि अखेरीस ते 23 वे आले. योगायोगाने 2000 मध्ये सिडनीला मुंबईचे इम्तियाझ अनीस यांचेही स्थान 23 वेच होते. त्या दोघांच्या मध्ये एकही भारतीय स्वार ऑलिंपिकला पोचला नव्हता.

येथे हेही ध्यानात घेतले पाहिजे की, मिर्झा यांचा घोडा उद्योगसमूहाच्या पाठबळाने मिळालेला होता. ऑलिंपिकपर्यंत पोचलेला स्वारही जुन्या अर्थाने बारगीरच राहिला.

दूरदेशीचा तबेला

मोठ्या स्पर्धांची तयारी भारतीय स्वारांना युरोपात करावी लागली. मिर्झा यांनीही जर्मनीत सांड्रा आउफार्ट यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. याचे कारण केवळ चांगले शिक्षक नव्हे. घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या निर्बंधांमुळे भारतातील घोडा थेट युरोपात नेणे फार अवघड होते. परिणामी, ज्या घोड्यावर मूल शिकले तो मायदेशी राहतो आणि स्वार परक्या देशात नव्या घोड्याशी मैत्री जोडू लागतो. जुलै 2025 मध्ये मेरठ येथील लष्करी अश्वकेंद्रात उभारलेल्या रोगमुक्त विभागाला जागतिक प्राणिआरोग्य संघटनेने मान्यता दिली. त्यामुळे भारतीय घोड्यांना परदेशी जाण्याची वाट काही प्रमाणात मोकळी झाली आहे.

2023 च्या हांगझोऊ स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या तरुणांनी चालींच्या प्रकारात सांघिक सुवर्णपदक जिंकले. या खेळात स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत समान नियमांनी उतरतात, ही गोष्टही त्या निमित्ताने अनेकांना कळली.

पदके थोड्यांनाच मिळतात. बेंगळुरूच्या तबेल्यांत शिकणारी बहुतेक मुले पुढे वैद्य, अभियंते किंवा व्यापारी होतील. तरीही मुक्या प्राण्याचे दुखणे ओळखणे, स्वतःच्या हरण्याचा दोष त्याच्यावर न लादणे आणि श्रमानंतर आधी त्याला पाणी देऊन मग स्वतः पिणे, या सवयी ज्याला लहानपणी लागल्या, त्याचे शिक्षण वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.