शंभर तासांचे कर्ज

गेल्या महिन्यात ठाण्याहून आलेल्या एका पत्राचे उत्तर टपालाने परस्पर पाठवून मी मोकळा होऊ शकलो असतो. परंतु त्या पत्रात विचारलेल्या प्रश्नांपेक्षा न विचारलेला एक प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला, आणि तो पुष्कळ घरांत असाच अनुच्चारित राहत असणार अशी माझी खात्री असल्यामुळे, पत्रलेखकाच्या अनुमतीने हे उत्तर या सदरातून देत आहे. पत्रलेखक सत्तेचाळीस वर्षांचे, बँकेत अधिकारी आहेत. रक्तदाबाची एक गोळी रोज घेतात, सकाळी नेमाने तलावपाळीवर फिरतात, आणि दहा किलोमीटरची शर्यत त्यांनी दोनदा पुरी केली आहे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या त्यांच्या वडिलांना चार वर्षांपूर्वी अल्झायमरचा विकार असल्याचे निदान झाले. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईत भरणाऱ्या मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावावे आणि त्या निमित्ताने आप्तेष्टांकडून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी झटणाऱ्या एका संस्थेकरिता निधी गोळा करावा, असा त्यांचा संकल्प आहे. या वयात गुडघे टिकतील काय, हृदयाच्या कोणत्या तपासण्या कराव्यात, आणि इतके धावल्याने आपल्याला तरी हा विकार जडणार नाही ना, असे त्यांचे तीन प्रश्न.

तिसऱ्या प्रश्नामागचे भय मी जाणतो, म्हणून त्यालाच प्रथम हात घालतो. वडिलांचा हा आजार मुलाकडे शेतजमिनीसारखा वारसाहक्काने चालून येत नाही. तरुणपणीच सुरू होणारे काही अगदी विरळ प्रकार सोडले, तर आईबापांपैकी एकाला तो असल्याने मुलाचा धोका काहीसा वाढतो एवढेच म्हणता येते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली, ज्यांवर माणसाचा किंवा समाजाचा काही इलाज चालतो अशी चौदा कारणे नमूद केली; ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अदमास आहे. व्यायामाचा अभाव हे त्यांपैकी एक. मध्यम वयातला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि, वाचकांना नवल वाटेल, उपचाराविना राहिलेला बहिरेपणा ही आणखी काही. तेव्हा आपले धावणे आपल्या मेंदूच्या हिताचे आहेच. पण रोजची ती गोळी न चुकता घेणे हेही तितक्याच हिताचे आहे, आणि त्याला पदक मिळत नाही म्हणून त्याची थोरवी कमी होत नाही.

येथे एक खबरदारीची सूचना. व्यायामाने मेंदूचे रक्षण होते असे एकदा मनाने घेतले, की मुलगा मोठ्या मायेने वडिलांचा हात धरून त्यांनाही पळवू लागतो. इंग्लंडमध्ये सौम्य व मध्यम अवस्थेतील ४९४ रुग्णांवर असा प्रयोग झाला, आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: चार महिन्यांच्या कसून व्यायामाने रुग्णांची शारीरिक ताकद वाढली, परंतु बुद्धीची घसरण थांबली नाही. वडिलांना फिरवून अवश्य आणावे. त्यांना झोप बरी लागेल, भूक लागेल, संध्याकाळची तगमग कदाचित थोडी निवेल. त्यांची स्मृती परत आणण्याचा भार मात्र त्या फेरीवर टाकू नये.

पत्रात आणखी एक वाक्य आहे, ते वाचून मी काही वेळ थांबलो. निदानाच्या आधी दोन वर्षे वडील तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारीत आणि घरचे सारे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसत. आपल्या भाषेने या आजाराची ओळख पटू नये अशीच जणू तजवीज करून ठेवली आहे. म्हातारचळ म्हटले की इस्पितळाची पायरी चढण्याचे कारण उरत नाही. आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली ज्या रुग्णेची हकिकत आपल्या सहव्यवसायींपुढे मांडली, ती बाई रुग्णालयात दाखल झाली तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती, म्हणजे साठीपासून बरीच दूर होती. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावीत असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे आणि शहरांपेक्षा खेड्यांचे प्रमाण अधिक आढळले. लवकर दाखवण्याचे आणखी एक कारण असे, की थायरॉइडची मंदता, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खोल औदासीन्य किंवा झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक यांनीही हुबेहूब असाच विसराळूपणा येतो, आणि तो पुष्कळदा उपचारांनी हटतो. ज्यांना हा आजार पुस्तकातून समजून घेणे जड जाते, त्यांनी सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट पाहावा. मोहन आगाशे यांनी त्यात उभा केलेला संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत निघून जातो, तेव्हा मागे राहिलेल्या लेकीची जी अवस्था होते, ती वर्णन करण्याचे सामर्थ्य माझ्या लेखणीत नाही.

आता शरीराकडे वळू. गुडघ्यांची चिंता फारशी नको: हौशी धावपटूंचे गुडघे बैठ्या माणसांच्या गुडघ्यांहून अधिक झिजतात असे अभ्यासांत आढळलेले नाही, अंतर एकाएकी वाढवणारा आणि दुखणे अंगावर काढणारा मनुष्य मात्र स्वतःच स्वतःचा शत्रू असतो. हृदयाच्या बाबतीत मी इतका उदार होणार नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात शर्यतींत धावलेल्या एक कोटीहून अधिक लोकांची पाहणी झाली, तेव्हा धावताना हृदय बंद पडल्याच्या ५९ घटना सापडल्या. प्रमाण अत्यल्प, पण त्यांत अर्ध्या शर्यतीपेक्षा पूर्ण शर्यतीचा, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांचा वाटा मोठा होता. चाळिशी उलटलेल्या आणि रक्तदाब असलेल्या पुरुषाने सराव वाढवण्यापूर्वी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हृदयाचा आलेख आणि डॉक्टरांनी सांगितल्यास चालत्या पट्ट्यावरची तपासणी करून घ्यावी. तपासणी निर्दोष आली म्हणजे सनद मिळाली असे समजू नये. धावताना छाती आवळली, भोवळ आली, किंवा नेहमीच्या वेगाला अवचित धाप लागली, तर त्याच जागी थांबावे. तापातून उठल्यावर किमान दोन आठवडे धावू नये. आपली गोळी कोणत्या जातीची आहे ते डॉक्टरांना विचारून घ्यावे: काही गोळ्या लघवीवाटे पाणी व क्षार बाहेर काढतात, तर काही नाडी मुद्दाम मंद ठेवतात, आणि मग मनगटावरचे घड्याळ कितीही आकडे दाखवो, ते आपल्या कामाचे राहत नाहीत. शेजारच्याशी अखंड वाक्य बोलता येईल इतका वेग, ही जुनी कसोटी त्या घड्याळापेक्षा अधिक विश्वासू आहे.

पाण्याविषयी लोकांचा गैरसमज दांडगा. जानेवारीतही मुंबईची हवा दमट असते, म्हणून प्रत्येक टेबलावरचा पेला रिचवीत जाणारे धावपटू मी पाहिले आहेत. बोस्टनच्या २००२ सालच्या मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम उणे झालेले आढळले, आणि वाटेत वजन वाढण्याइतके पाणी पिणाऱ्यांना तो धोका विशेष होता. सोडियम फार उतरले की माणूस बरळू लागतो, आपण कोठे आहोत हे त्याला उमगत नाही. स्मृतिभ्रंशासाठी धावणाऱ्याने तासाभरासाठी का होईना तीच दशा ओढवून घ्यावी, हे बरे दिसत नाही. तहान लागेल तेवढेच प्यावे. वेदनाशामक गोळी घेऊन शर्यतीला उभे राहू नये, कारण घामाने कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडांना ती अपाय करू शकते. आणि काखेत, मांड्यांत व्हॅसलिन चोळावे. हा सल्ला मला कोणत्याही ग्रंथाने दिला नाही, पन्नासाव्या वर्षी धावलेल्या एकवीस किलोमीटरांनी दिला.

इथवर त्यांनी विचारलेले झाले. जे विचारले नाही ते असे. पूर्ण अंतराचा सराव करायचा म्हणजे सुमारे अठरा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, एकूण सहा तास तरी धरावे लागतात. बेरीज केली तर शंभर तासांच्या वर आकडा जातो, आणि रविवारच्या लांब पल्ल्यानंतर दुपारभर आडवे पडण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. पत्रात ओघाने आले आहे की वडिलांना पहाटे साडेचारला जाग येते, ते शाळेत जायची घाई करतात, दाराची कडी काढू पाहतात, आणि त्या वेळी 'मंडळी' त्यांच्यापाशी असते. तेव्हा हे शंभर तास आपल्या पत्नीच्या खात्यातून काढलेले आहेत. बँकेत इतके मोठे कर्ज अर्जावाचून व कर्जदात्याच्या सहीवाचून आपण मंजूर केले असते काय? या आजारात औषधे तूर्त मर्यादितच गुण देतात. रुग्णाचा दिवस ज्याच्या जोरावर निभतो तो सांभाळणारा मनुष्य असतो, आणि आपल्या घरांत तो बहुधा सून किंवा पत्नी असते. तिची पाठदुखी, तिची मोडलेली झोप, तिचे औदासीन्य यांची नोंद रुग्णाच्या कागदांत कोठेही होत नाही. माझ्याही हातून अनेक वर्षे ती झाली नाही, हे येथे कबूल करतो.

म्हणून माझी शिफारस अशी की यंदा अर्धे अंतर धावावे. पेडर रोडचा चढ दमलेल्या पायांना काय वाटतो हे जुन्या धावपटूंना विचारून पाहावे; पूर्ण अंतराच्या थकव्यानिशी तो पहिल्याच वर्षी अंगावर घेण्याचे कारण नाही. सरावाचे तास बरेच उतरतील, हृदयावरचा ताण उतरेल, आणि निधीत एक रुपयाही घटणार नाही, कारण देणगी देणारा आपल्या तोंडाकडे पाहून देतो, किलोमीटर मोजून देत नाही. मुंबईची ही शर्यत २००४ साली सुरू झाली. सामाजिक संस्थांसाठी तिच्यातून निधी उभा करण्याची रीत आता चांगली रुळली आहे, आणि नोंदलेल्या संस्थेच्या नावे रक्कम परस्पर जमा करण्याची सोय असते. ती वापरावी, स्वतःच्या खात्यात पैसे घेऊन हिशेबाची तसदी ओढवून घेऊ नये. देणगीदारांना स्पष्ट सांगावे की देणगीवरील आयकराची सवलत जुनी करपद्धती पत्करणाऱ्यांनाच मिळते आणि दोन हजारांवरील रोख रकमेला मिळत नाही. संस्था निवडताना तिच्या अहवालातील जमाखर्च वाचावा. केरळात १९९२ साली स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा निरनिराळ्या शहरांत आहेत, इतरही आहेत. संशोधनाला देणगी देणे थोर खरेच, परंतु माझे मत विचाराल तर रुग्णांसाठी दिवसाचे पाळणाघर चालवणारी, घरी प्रशिक्षित सेवक पाठवणारी, सांभाळणाऱ्यांची बैठक भरवणारी संस्था मी आधी निवडीन, कारण तेथे दिलेला पैसा कोणा एका सुनेच्या हाती मोकळी दुपार होऊन पोहोचतो.

सरावाला आरंभ करण्यापूर्वी एवढे करावे. आठवड्यातून दोन सकाळी पगारी सेवक ठेवावा किंवा भावाबहिणींपैकी कोणाला तरी वडिलांपाशी बसवावे, आणि त्या सकाळी पत्नीने काय करायचे ते तिचे तिला ठरवू द्यावे. झोपणार असेल तर झोपू द्यावे. दाराला वडिलांच्या नजरेच्या वर आणखी एक कडी बसवावी, पण ते घरात एकटे असताना ती कधीही लावू नये. त्यांच्या खिशात नाव, पत्ता व फोन लिहिलेले कार्ड ठेवावे. शर्यतीच्या रविवारी आपण अंधारातच घराबाहेर पडाल आणि परतायला दुपार होईल. त्या वेळात वडिलांजवळ कोण असणार, हे पत्नीला विचारून आजच निश्चित करावे आणि पुढील पत्रात मला कळवावे. रक्तदाबाचे आकडे त्याच पत्रात पाठवले तरी चालतील.