गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर बसवताना

नांदेड-लातूरकडून टेक्सासात आलेल्या माणसाला घराला जोडून दोन गाड्यांचं गॅरेज मिळालं की कधी ना कधी कॉम्प्रेसर घ्यावासा वाटतो. देगलूर नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडं नाहीतर बोअरच्या गाडीवर पाहिलेलं धडधडतं यंत्र आता आपलं असणार, ही हौस त्यात असतेच. इथं मुरलेल्या घरांचा सल्ला एकच: आधी वीज पाहा, मग जमीन, मशीन सगळ्यात शेवटी आणा.

काम काय, हे मात्र त्याही आधी ठरवा. टायरमध्ये हवा भरायची, लाकडात खिळे मारायची गन चालवायची, एवढंच असेल तर ६ गॅलनचा (सुमारे २३ लिटरचा) बुटका कॉम्प्रेसर पुरतो. तो साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालतो, बसवायचं काही नसतंच. दुकानदार १५० पीएसआयचा, म्हणजे दाबाचा आकडा दाखवेल. तुम्ही सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते, ते विचारा. अर्ध्या इंची इम्पॅक्ट रेंचला ९० पीएसआयवर ४-५ सीएफएम लागतात, रंगाआधी पत्रा घासायच्या सँडरला दहाच्या वरही लागतात. बुटका देतो अडीचच्या आसपास.

६० गॅलनची उभी टाकी घेतली की २४० व्होल्ट आले. इथं घरात २४० व्होल्ट असतात, पण बहुधा ड्रायर, एसी अशा मोजक्याच उपकरणांपर्यंत. कॉम्प्रेसरला पॅनेलपासून स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र ब्रेकर हवा. वायर किती जाडीची, हे मोटारीच्या पाटीवरून ठरतं. घरात इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर असेल तर पॅनेलवर भार शिल्लक आहे का, हे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. गावाकडं वायरमनला हाक मारली की संध्याकाळपर्यंत काम होतं. इथं बहुतेक शहरांत नव्या लाइनला परमिट लागतं. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरवर मशीन चालवू नका. व्होल्टेज पडून मोटार जळते आणि लातूरसारखा मोटार भरून देणारा इथं कोपऱ्यावर बसलेला नसतो. लांबी हवीच असेल तर हवेचा पाइप लांब घ्या. गावाकडून मशीन आणायचा विचारही नको: तिकडं ५० हर्ट्झ, इथं ६०.

आता जमीन, आणि नवा माणूस फसतो तो इथंच. टेक्सासमधल्या कितीतरी घरांच्या काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी केबल असतात. गॅरेजच्या कोब्यावर तसा इशाराही अनेकदा कोरलेला असतो. मशीन जमिनीला जखडायच्या अँकर बोल्टसाठी ड्रिल घातलं आणि केबल तुटली तर ती प्रचंड जोरानं सुटते. माणूस जखमी होतो, पायाही कमकुवत होतो. केबल कुठून गेल्यात हे जाणकाराकडून शोधून घेतल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका. बोल्ट मारलाच तर मशीनच्या पायांखाली रबर हवं. मशीन आलेल्या लाकडी पॅलेटवरच चालवू नका. उंच टाकी वरून जड असते, कलंडते.

हवेच्या लाइनला पांढरा पीव्हीसी पाइप लावायचा मोह होतो, स्वस्त पडतो म्हणून. दाबाखाली तो तडकला तर तुकडे सुऱ्यांसारखे उडतात. तांबं, लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियमच वापरा.

ह्यूस्टनची हवा दमट. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, आतून गंज धरतो, म्हणून काम संपलं की खालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडायचाच. लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. दसऱ्याला मशीनला हळदीकुंकू खुशाल वाहा, फक्त फुलं मोटारीच्या जाळीत जाऊ देऊ नका.

जुनं मशीन घेताना टाकीचा तळ हातानं चाचपा. गंजाची पोपडी निघाली तर भाव कितीही पाडला तरी सोडून द्या. त्या टाकीला वेल्डिंग मारून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्याकडून तर काहीच घेऊ नका.