आचेविना लाटा

लांब, सरळ, गुळगुळीत केसांच्या मुलींना हमखास ऐकवलं जातं की तुमच्या केसांत वळण टिकतच नाही, गरम सळी फिरवल्याशिवाय गत्यंतर नाही. हे खरं नाही. माझे केस कमरेपर्यंत आहेत, अगदी सरळ आहेत आणि कित्येक वर्षांत त्यांना आच लागलेली नाही. तरी सणासमारंभाला हव्या तशा लाटा मिळतात.

१. आधी टोकांचं वय मोजा. केस महिन्याला साधारण १.२५ सेंटिमीटर वाढतात, वर्षाला १५. म्हणजे ७५ सेंटिमीटर लांब केसाचं टोक पाच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं असतं. पाच उन्हाळे, रोजचं विंचरणं, बोअरचं जड पाणी, सगळं त्यानं सोसलेलं. केस कुरळे करायची यंत्रं १५० ते २३० अंश सेल्सियसपर्यंत तापतात आणि त्यांची झळ सर्वांत जास्त बसते ती याच टोकांना. दुभंगलेलं टोक सांधत नाही, कापावंच लागतं. लांब केसांची ज्यांना माया आहे त्यांना एवढं कारण पुरे.

२. वळण घडवतं ते पाणी. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात. त्यातले हायड्रोजन बंध ओलाव्यानं सुटतात आणि केस ज्या वळणात वाळेल त्या वळणात पुन्हा जुळतात. गरम सळी हेच काम काही सेकंदांत उरकते, आपण ते रात्रभरात करून घेतो. पार्लरमधलं पर्मिंग वेगळं. तिथे रसायनानं केसातले गंधकाचे पक्के बंध तोडून नव्यानं जोडतात, म्हणून ते वळण न्हाल्यावरही राहतं. आपल्या लाटा पुढच्या न्हाण्याबरोबर जातात आणि मला ते आवडतं. केस जसे होते तसे परत मिळतात.

३. सगळं अवलंबून असतं ते बांधताना ओल किती, यावर. दाट, लांब केस निथळते ओले गुंफले तर आतला भाग सकाळीही ओलाच राहतो, कुबट वास येतो आणि वेणी सोडल्यावर थोड्याच वेळात सगळं सरळ. शिवाय ओला केस जास्त ताणला जातो, लवकर तुटतो. मी दुपारी न्हाते आणि संध्याकाळपर्यंत केस मोकळे सोडते. बोटांना गारवा लागावा, पण पंचा दाबला तर त्यावर ओल उतरू नये, ही माझी खूण. केस आधीच कोरडे असतील तर स्प्रेच्या बाटलीतून हलकं पाणी मारलं तरी भागतं. सकाळी सोडण्याआधी वेणीच्या पेडांत बोट घालून पाहायचं. गार लागलं तर पंख्याखाली बसायचं, पण सोडायची नाही.

४. एका वेणीनं मन भरत नाही. तिच्या लाटा मोठ्या, सैल आणि फक्त खालच्या निम्म्या भागात पडतात. दोन वेण्यांनी चांगल्या, चार बारीक वेण्यांनी दाट. लाटा कपाळापासून हव्या असतील तर सागरवेणी घालावी, कारण ती वरूनच केस घेत येते. शेवटची चार बोटं मात्र सरळच राहतात आणि लाटांखाली ती सरळ टोकं फार विजोड दिसतात. म्हणून टोक वर दुमडून सुती चिंधीनं बांधावं. रबर नको, त्याची खाच पडते.

५. वेणीनं नागमोडी लाट येते. गोल वळण हवं असेल तर केस कशाभोवती तरी गुंडाळायलाच हवेत. युरोपात बायका चिंध्यांवर बटा गुंडाळून झोपत, ती रीत जुनी आहे आणि उत्तम आहे. मी जुन्या मऊ ओढणीचा पिळा करते. तो डोक्यावरून आडवा घ्यायचा, दोन्ही टोकं खांद्यांवर सोडायची. मधोमध भांग पाडून पुढची बट पिळ्यावरून चेहऱ्यापासून मागे फिरवायची, प्रत्येक वेढ्याला खालचे थोडे केस घ्यायचे, शेवटी बांधायचं. बाजारात यासाठी सॅटिनच्या गुंडाळ्या मिळतात. त्यांवर केस घासत नाहीत हे खरं, पण सुती कापड ओल पिऊन घेतं. मुंबईच्या दमट हवेत मी सुतीच निवडते.

६. गुळगुळीत केसांना पकड लागते, ती जवस देतो. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर सतत ढवळत उकळायचा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली की गरम असतानाच गाळायचा. गार झाल्यावर तो गाळलाच जात नाही. बांधण्याआधी चमचाभर बटांना चोळायचं. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवायचं.

७. तेल न्हाण्याच्या आदल्या रात्री. बांधताना नाही.

८. मुळाशी ओढ नको. रात्रभर घट्ट ताणलेल्या केसांनी डोकं ठणकतं, आणि ही सवय वर्षानुवर्षं राहिली तर भांगाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस विरळ होत जातात. वळण वेढ्यातून येतं, ताणातून येत नाही. माझ्या भाचीच्या वेण्या मी नेहमी मानेशी सैल सोडून सुरू करते.

९. सोडताना कंगवा दूर ठेवा. वेढा ज्या बाजूनं घेतला त्याच्या उलट उलगडायचा, मग बोटांनी खालून वर हलकं मोकळं करायचं. सुरुवातीला वळण फार घट्ट वाटतं आणि हात आपोआप फणीकडे जातो. अर्धा तास जाऊ द्यावा, केसांच्या वजनानं ते आपणच सैलावतं.

१०. पावसाळ्यात वेगळा हिशेब. हवेतली ओलच केसातले हायड्रोजन बंध पुन्हा सोडवते, म्हणून जुलैत कोकणात किंवा मुंबईत सकाळच्या लाटा दुपारी उतरतात. पुण्यात डिसेंबरात त्याच लाटा दुसऱ्या दिवशीही दिसतात. पावसाळी समारंभ असेल तर मी जास्त आणि बारीक वेण्या घालते, त्या अंबाड्यात गुंडाळून तशीच प्रवास करते आणि कार्यालयात पोचल्यावर सोडते.