मूलपेशी, जनुके आणि धम्माची कसोटी
(डॉ. मनीषा इनामदार यांच्या संशोधनकार्याचा परिचय)



लोणखेडा-शहादा परिसरात 'सिकलसेल' हा शब्द आता कोणालाच नवा राहिलेला नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या भिल्ल, पावरा बांधवांमध्ये हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. विदर्भात तो बौद्ध समाजातही आहे. असा आजार घरात आला की दोन गोष्टी कानावर येतात. एक म्हणजे, "मागल्या जन्मीचे भोग आहेत." दुसरी म्हणजे, "शहरात स्टेम सेलचे इंजेक्शन मिळते, पैसे लागतात पण रोग मुळासकट जातो." या दोन्ही गोष्टी तपासून पाहिल्या पाहिजेत, आणि त्यासाठी मूलपेशींवर आयुष्य वेचणाऱ्या एका शास्त्रज्ञाचे काम समजून घेणे उपयोगी पडेल, असे आम्हाला वाटते.

मूलपेशी म्हणजे काय?

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. त्वचेची पेशी त्वचेचेच काम करते, हृदयाची हृदयाचेच. परंतु गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत भ्रूणात अशा पेशी असतात की ज्यांचे काम अजून ठरलेले नसते. त्यांच्यापासून रक्त, हाड, मेंदू असे शरीराचे कोणतेही अंग घडू शकते. यांना बहुक्षम मूलपेशी म्हणतात. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेतही रक्ताच्या मूलपेशी असतात, पण त्या फक्त रक्ताच्याच पेशी तयार करतात. हा फरक विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावा, कारण जाहिराती नेमका हाच फरक पुसून टाकतात.

मानवी भ्रूणातील बहुक्षम मूलपेशी प्रयोगशाळेत प्रथम वाढवल्या त्या अमेरिकेतील जेम्स थॉमसन यांनी, १९९८ साली. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलपेशींसारखे केले. त्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळाले.

फळमाशीपासून सुरुवात

भारतात या क्षेत्रात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्यांपैकी एक म्हणजे डॉ. मनीषा इनामदार. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी संशोधनाला सुरुवात केली ती केळ्यावर घोंघावणाऱ्या फळमाशीवर. माशीला चव कशी कळते आणि त्यामागे कोणते जनुक आहे, असा तो विषय होता. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण माशीतील कितीतरी जनुके थोड्याफार फरकाने माणसातही असतात. लहान जीवात नियम सापडला की मोठ्या जीवात त्याचा शोध घेता येतो.

पुढे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. तेथे फळमाशीच्या रक्तपेशींत कार्य करणाऱ्या एका जनुकाचा अभ्यास त्यांनी केला व त्याला 'असृज्' हे नाव दिले. असृज् म्हणजे संस्कृतात रक्त. याच जनुकाचे भावंड उंदरात व माणसात आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या कामातून असे दिसले की, उंदरातून हे जनुक काढून टाकले तर रक्ताच्या मूलपेशींची विश्रांती मोडते व त्या नको तेव्हा वाढू लागतात. म्हणजे मूलपेशीने वाढणे जितके महत्त्वाचे, तितकेच वेळ येईपर्यंत थांबणेही महत्त्वाचे. माशीत सुरू झालेला हा शोध उंदराच्या रक्तापर्यंत आणि मानवी मूलपेशींपर्यंत पोहोचायला अनेक वर्षे लागली.

तिसऱ्या प्रतीच्या भ्रूणांतून

डॉ. इनामदार व सहकाऱ्यांचे दुसरे मोठे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. टेस्ट ट्यूब पद्धतीच्या उपचारात काही भ्रूण तिसऱ्या प्रतीचे, म्हणजे गर्भाशयात ठेवण्यास अयोग्य ठरतात व टाकून दिले जातात. अशा भ्रूणांतून त्यांनी मानवी मूलपेशींचे दोन वंश तयार केले. वंश म्हणजे एकाच मुळापासून प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी. 'बीजेएनहेम १९' व 'बीजेएनहेम २०' अशी त्यांची नावे असून हे दोन्ही वंश परस्परांची भावंडे आहेत. इंग्लंडच्या स्टेम सेल बँकेतही ते जमा केले गेले. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटानेही असे दोन भारतीय वंश तयार केले आहेत.

परदेशी पेशींवर अवलंबून न राहता आपल्या देशातील पेशींवर अभ्यास करता येणे, हे या कामाचे मोल आहे. आणि एखाद्या वस्तूवर कमी प्रतीचा शिक्का बसला म्हणून तिच्यातील सामर्थ्य संपत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

विज्ञानाला शीलाची जोड

नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील एका संशोधकाने भ्रूणाच्या जनुकांत बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले. जगभर निषेध झाला. कारण असा बदल त्या मुलींपुरता राहत नाही, पुढच्या पिढ्यांत उतरतो, आणि त्या पिढ्यांची संमती कोणी घेतलेली नसते. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने मानवी जनुकबदलावर देखरेखीचे नियम सुचविण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात डॉ. इनामदार होत्या. समितीच्या शिफारशी जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. २०२२ मध्ये बंगळूरच्या मूलपेशी विज्ञान संस्थेचे, म्हणजे 'इनस्टेम'चे संचालकपद त्यांच्याकडे आले.

तथागतांनी प्रज्ञेबरोबर शील सांगितले ते यासाठीच. प्रज्ञा एकटी असली तर ती शस्त्रही होऊ शकते.

आपल्या प्रश्नाकडे

आता सुरुवातीच्या दोन गोष्टींकडे वळू.

पहिली, मागच्या जन्माच्या भोगाची. सिकलसेल होतो तो हिमोग्लोबिनच्या जनुकातील केवळ एका अक्षराच्या बदलामुळे. खतावणीत एक आकडा चुकीचा पडला की पुढच्या सर्व बेरजा चुकतात, तसे हे आहे. हा बदल आई-वडिलांकडून येतो. वाहक व्यक्तीला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत तो टिकून राहिला. यात पाप कोठेच नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासताना आनुवंशिकतेचाच आधार घेतला आहे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी, इंजेक्शनची. जुळणाऱ्या दात्याकडून अस्थिमज्जा रोपण करणे हा सिकलसेलवरचा मान्य उपचार आहे. रुग्णाच्याच रक्तातील मूलपेशी काढून, त्यांच्या जनुकांत बदल करून परत देण्याच्या उपचाराला इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. २०२५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी 'बिरसा १०१' या नावाने स्वदेशी उपचार पुढे आणला असून पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यात सहभागी आहे. आशा खरी आहे. पण हे उपचार मोठ्या रुग्णालयात, कडक देखरेखीखाली व्हावयाचे आहेत. कोणत्याही रोगावर चालणारे मूलपेशींचे एकच इंजेक्शन अस्तित्वात नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील रोपण सोडता इतर मूलपेशी उपचार मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून शेत विकण्यापूर्वी कागद मागा.

कालामांना तथागतांनी हेच शिकवले. परंपरेने सांगितले, ग्रंथात आहे किंवा मोठा माणूस म्हणतो म्हणून काहीही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या.

आज काय करावे?

आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी होण्याची २५ टक्के असते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्यामुळे लग्न ठरविताना पत्रिका पाहण्याऐवजी दोघांच्या रक्ताची तपासणी करावी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून शासकीय आरोग्य केंद्रात तपासणी होते. रुग्ण असेल त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सीयुरियासारखी औषधे नियमित घ्यावीत, भरपूर पाणी प्यावे, ताप आल्यास घरी थांबू नये.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. भ्रूणातील मूलपेशी व अस्थिमज्जेतील मूलपेशी यांत फरक काय?
२. रुग्णाच्या रक्तपेशीत केलेला जनुकबदल आणि भ्रूणात केलेला जनुकबदल यांत नीतीच्या दृष्टीने काय फरक पडतो?
३. एक वाहक व एक निरोगी अशा जोडप्याच्या मुलांमध्ये काय शक्यता असतील, ते मांडून दाखवा.

विज्ञान शाखेला जाणाऱ्या आमच्या मुला-मुलींना एवढेच सांगणे आहे की, माशीच्या अभ्यासाला कमी लेखू नका. आपल्या जिल्ह्यातील दुखण्याचे उत्तर शोधणारे हात याच जिल्ह्यातून पुढे यावेत, अशी मंगलकामना.

भवतु सब्ब मंगलम्! जय भीम!