सामायिक बाजारपेठ आणि उद्योगांची स्पर्धाक्षमता

शेजारची राष्ट्रे आपापसांतील जकातीच्या भिंती पाडून एक बाजारपेठ उभारतात, तेव्हा तिचा लाभ सर्व उद्योगांना आपोआप मिळेल असा समज आढळतो. युरोपीय सामायिक बाजारपेठेतील शीतकपाटांच्या, म्हणजे फ्रीजच्या धंद्याचा इतिहास पाहिला असता हा समज किती अपुरा आहे, हे ध्यानात येते.

फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे करार केला. १ जानेवारी १९५९ रोजी आपसांतील आयातकरात पहिली १० टक्के कपात झाली आणि १ जुलै १९६८ पर्यंत हे कर पूर्णपणे उठले.

इटली हे या सहांत औद्योगिकदृष्ट्या मागे मानले जाणारे राष्ट्र. १९५१ साली तेथे अवघी १८,५०० शीतकपाटे तयार झाली होती. १९५७ साली हा आकडा ३,७०,००० वर आणि १९६७ साली ३२ लाखांवर गेला. अमेरिका आणि जपान यांच्या खालोखाल इटलीचा क्रमांक लागू लागला. पोर्देनोने येथील झानुस्सी हा कारखाना १९१६ साली चुली बनविणारी एक लहानशी कार्यशाळा म्हणून सुरू झाला होता, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे.

इटलीत मजुरी स्वस्त होती हे खरे. परंतु तेवढ्याने या यशाचा उलगडा होत नाही. शीतकपाटाचा पत्रा दाबून घडविण्याचे साचे फार महाग असतात, आणि त्यांतून नग थोडे काढले वा पुष्कळ काढले तरी साच्यांची किंमत जवळजवळ तीच राहते. समजा, साच्यांवर १० लाख रुपये खर्च झाला. १०,००० नग काढल्यास प्रत्येक नगावर १०० रुपयांचा बोजा पडतो. ५ लाख नग काढल्यास तो केवळ २ रुपयांवर येतो. इटालियन कारखानदारांनी हे गणित वेळीच ओळखले. त्यांनी मोजकेच नमुने निवडले, ते साधे ठेवले आणि एकाच नमुन्याचे उत्पादन दीर्घकाळ चालविले. जर्मन व फ्रेंच कंपन्यांना त्यांच्या नावाची पट्टी लावून माल पुरविण्यातही त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याकडील लघुउद्योजक पुष्कळदा नावाच्या मोहापायी अशी कामे नाकारतात, ते विचार करण्यासारखे आहे.

या मालाच्या लोंढ्याने फ्रेंच कारखानदार हवालदिल झाले. जानेवारी १९६३ मध्ये युरोपीय आयोगाने फ्रान्सला इटालियन शीतकपाटांवर विशेष कर बसविण्यास अनुमती दिली. इटलीने न्यायालयात दाद मागितली. जुलै १९६३ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध गेला. मात्र हे संरक्षण तात्पुरते होते. अशा सवलतीचे मोल तिच्या मुदतीवर अवलंबून असते. मुदत ठाऊक असलेला कारखानदार यंत्रे बदलण्याच्या मागे लागतो. बेमुदत संरक्षण लाभलेला मुदतवाढीसाठी अर्ज करीत बसतो.

भारतात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईच्या वेशीवरील जकात वसुली थांबली. त्यापूर्वी राज्याराज्यांतील विक्रीकराचा हिशेब पाहून कंपन्या ठिकठिकाणी गोदामे ठेवीत. आता गोदामाची जागा ठरविताना रस्ता, अंतर व वाहतुकीचा खर्च यांनाच अधिक महत्त्व येते. परराज्यातील मालाला वाटेत होणाऱ्या खोळंब्यामुळे स्थानिक उत्पादकाला नकळत जो आडोसा मिळत असे, तो त्यामुळे बराचसा नाहीसा झाला. औद्योगिक वसाहतीला जोडणारा रस्ता, अखंड वीज आणि शिकलेला कारागीर या बाबी आता थेट मालाच्या किमतीत उतरतात. त्यांतील काही ग्रामपंचायत व जिल्हा परिषद यांच्या कक्षेत येतात.

इटलीचा वरचष्मा मात्र टिकला नाही. झानुस्सी १९८४ साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीकडे गेली, तर कँडी २०१९ साली चीनच्या हायर कंपनीने घेतली. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात सामील झाला, आणि एके काळी इटलीजवळ असलेला स्वस्त मजुरीचा व खुल्या सीमांचा दुहेरी लाभ त्याच्या वाट्याला आला. युरोपीय संघात घरगुती विद्युत उपकरणांच्या उत्पादनात आज पोलंड अग्रेसर आहे. तेथील मोठे कारखाने मात्र बहुतांशी परदेशी कंपन्यांच्या मालकीचे आहेत.