ऑपरेशनआधी विचारायचे प्रश्न

ओझर (मिग), ता. निफाड

चि. सोनू,

वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तू श्रवणशास्त्र शिकते आहेस. उद्या मोठ्या माणसांच्या कॉक्लिअर इम्प्लांटचं मॅपिंग, म्हणजे त्या यंत्राची जुळवणी, तुझ्या हातून होईल, म्हणून लिहितो. शब्दचाचणीत किती टक्के पडले आणि माणूस समाधानी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परदेशांतल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही या दोहोंचा संबंध क्षीणच निघाला. याचं कारण उघड आहे. चाचणी शांत खोलीत, नुसत्या कानांवर होते. आतल्या साडेतीन हजारांच्या आसपास केशपेशींचं काम बारा ते बावीस इलेक्ट्रोडांवर येतं, त्यामुळे खोलीत कळलेलं वाक्य चंपाषष्ठीच्या यात्रेत किंवा लग्नाच्या पंगतीत हरवतं, आणि गाण्याचे सूर तर अनेकांना धड लागत नाहीत. चांगले गुण मिळवणारा खट्टू होतो तो इथे. उलट घरात समोरच्याचे ओठ दिसतात. ‘पान’, ‘भान’, ‘मान’ ओठांवर सारखेच दिसतात, पण ‘म’चा नाकातला घुमारा यंत्रातून थोडा जरी आला तरी गुंता सुटतो. कमी टक्केवाला खुशीत असतो तो यामुळे, आणि त्याची खुशी खरी असते.

तू म्हणशील, लाखो रुपये घातल्यावर माणूस मनाची समजूत घालणारच. यात तथ्य आहे. सरकारच्या एडिप योजनेतलं इम्प्लांट लहान मुलांसाठी आहे, मोठ्यांचा भार बहुधा घरावरच पडतो, मग ‘फुकट गेले’ असं कोण म्हणेल? म्हणूनच ‘बरं वाटतं का?’ असं मोघम विचारू नकोस. फोन घेता का, बँकेच्या खिडकीवरचं बोलणं कळतं का, संध्याकाळी डोकं शिणतं का, असं नेमकं विचार. आणि चाचणीही सोडू नकोस. गुण हळूहळू घसरले तर मॅपिंग किंवा यंत्र बिघडल्याची शंका येते, आणि समाधानी माणसाच्या ते ध्यानातही येत नाही.

पण खरं काम ऑपरेशनच्या आधीचं आहे. विमान कारखान्याच्या आपल्या गावात गोंगाटाने कान अधू होणं कुणाला नवं नाही. त्यात आधी उंच स्वर जातात आणि बहुतेकांचं श्रवणयंत्रावर भागतं. ते लावूनही शब्द उमगेनासे झाले की इम्प्लांटचा विचार येतो. वीस-तीस वर्षं बहिरेपणात गेली असतील तर फळ कमी मिळण्याचा संभव असतो, हे स्पष्ट सांग. यंत्र ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी सुरू होतं, पहिले आवाज अनेकांना चिरके, यंत्रासारखे वाटतात आणि बरीचशी सुधारणा पहिल्या वर्षात, सरावानेच होते, हेही सांग. घाबरून माघार घेतील, अशी भीती तुझे वरिष्ठ कदाचित घालतील. घेऊ देत, मोठ्या आशेने येऊन खचलेला माणूस यंत्र काढून ठेवतो, ते जास्त वाईट. कुणाचा आवाज, कुठे, कशासाठी ऐकायचा आहे, हे त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून घे, आणि वर्षाने गुणांच्या तक्त्यासोबत तोच कागद त्याच्यापुढे ठेव.

तुझा,
काका